वज्रकुमारची शोकसभा

वज्रकुमार गेल्याची बातमी लवू घाडीला कळली तेव्हा तो अर्ध्या गालाची दाढी करून आरशासमोर उभा होता. फोन किरण खरातचा होता. किरणला कुठलीही गोष्ट हळूहळू सांगता येत नसे. "लवू, गेला रे," एवढंच तो म्हणाला. "कोण?" असं लवूने विचारलंही नाही. मुलुंड पूर्वेच्या या दोन माणसांमध्ये गेली पस्तीस वर्षं 'तो' म्हणजे एकच माणूस होता.

तुम्ही वज्रकुमारचं नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. त्याने बावीस हिंदी पिक्चर केले आणि त्यातला एकही पिक्चर धड खुर्च्या असलेल्या थेटरात लागला नाही. पण प्रत्येक पिक्चरमध्ये तो एकदा उडी मारायचा. क्रेनवरून, पाण्याच्या टाकीवरून, धबधब्यातून, एकदा तर चालत्या ट्रकवरून दुसऱ्या चालत्या ट्रकवर. दोरी नाही, जाळी नाही. ती उडी बघायला लोक तिकीट काढायचे आणि ती झाली की निम्मं थेटर घरी जायचं. लवू आणि किरणला या पिक्चरची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. ते आपले 'क्रेनवाला', 'टाकीवाला', 'दोन ट्रकवाला' असंच म्हणायचे. एकोणनव्वद साली दोघांनी 'वज्रकुमार चाहता मंडळ, मुलुंड (पूर्व)' काढलं. ऐन भरात मंडळाचे चाळीस सभासद होते. आता सभेला दोघेच यायचे, आणि ते तसेही रोज संध्याकाळी भेटतच असत.

लवू तसाच साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आला आणि चपला घालू लागला.

"अवो, तोंडार साबण ठेवून खंय चाललास?" सुलक्षणाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वज्रकुमार गेला."

सुलक्षणाने गॅस बारीक केला. तीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाविषयी इतकं ऐकलं होतं की तो तिला दूरच्या नात्यातल्या दिरासारखाच वाटे. "अरे देवा," ती म्हणाली, आणि मग अगदी सहज विचारून गेली, "तुमी त्यांका भेटूक जावचे होतास ना?"

लवू चपला घालायचा थांबला आणि तिथेच स्टुलावर बसला.

त्याचं असं झालं होतं. गेल्या श्रावणात एका दुपारी फोन आला. आवाज बारीक, दमलेला. "घाडी ना? मी वज्रकुमार. दर वाढदिवसाला तुमचं पत्र येतं. या ना एकदा वर्सोव्याला. दुपारी मी घरीच असतो." लवू खुर्चीतून उठून उभा राहिला आणि उभ्यानेच बोलला. "येतो साहेब, गणपती झाले की लगेच येतो." गणपती झाले. मग सुलक्षणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मग नवरात्र, मग दिवाळी, मग कुडाळला भाचीचं लग्न, मग लवूचा स्वतःचा खोकला. नवीन वर्ष लागल्यावर नक्की जायचं असं ठरलं, आणि नवीन वर्ष लागून दीड महिना झाला होता. कारणं सगळी खरी होती, हेच वाईट होतं. एखादं जरी खोटं असतं तरी लवूला स्वतःला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

"जिवंतपणी नाही गेलो," तो संध्याकाळी किरणला म्हणाला. "आता शोकसभा तरी अशी करायची की वर बसून बघेल तो. एक चूक होता कामा नये."

"फ्लेक्सपासून सुरुवात करू," किरण म्हणाला. आपल्याकडे माणूस गेला हे चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय कुणाला पटत नाही.

फोटोचा प्रश्नच नव्हता. लवूच्या हॉलमध्ये, गणपतीच्या तसबिरीच्या बरोब्बर खाली, तो एकमेव फोटो तीस वर्षं टांगलेला होता. त्र्याण्णव साली दोघं सुट्टी टाकून गोरेगावच्या फिल्म सिटीत शूटिंग बघायला गेले होते. तिथे झाडाखाली एका उलट्या खोक्यावर साक्षात वज्रकुमार बसला होता. काळं चामड्याचं जाकीट, कपाळाला लाल फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मांडीवर डबा. दोघांनी पाया पडून घेतलं. किरण तर रडला. मग जवळच उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात कॅमेरा देऊन त्यांनी फोटो काढून घेतला. मध्ये वज्रकुमार, एका बाजूला किरण, दुसऱ्या बाजूला लवू, आणि लवूचा हात वज्रकुमारच्या खांद्यावर. त्या हाताला लवूने दोन दिवस साबण लावला नव्हता.

फ्लेक्सवाल्या केयूरने फोटो स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवर माउस फिरवत म्हणाला, "अंकल, तुम्हा दोघांना कापलं. पण तुमचा हात आहे ना शोल्डरवर, तो पूरा नाही निघत. चार बोटं राहतात."

"राहू दे," किरण म्हणाला. "भावना आहे त्यात."

तर बुधवारी सकाळी चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये वज्रकुमार, त्याच्या खांद्यावर चार बेवारस बोटं, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून गॉगल लावलेले लवू आणि किरण. त्याखाली सभेची वेळ, रविवार सकाळी अकरा, आणि लवूचा मोबाइल नंबर. लवू चाळीस वर्षं ज्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होता, त्या शाळेने जुना माणूस म्हणून सभागृह दिलं होतं. लवूने फ्लेक्ससमोर उभं राहून हात जोडले.

त्याच दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी वज्रकुमारचा म्हणून वेगळाच फोटो टाकला. त्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, गोल चेहऱ्याचा, केस विरळ झालेला एक गृहस्थ होता. लवूचा पारा चढला. माणूस मेल्यावर तरी नीट फोटो नको टाकायला? त्याने एका बोटाने टाइप करत निरोप लिहिला: 'कृपया चुकीचा फोटो पसरवू नये. खरे वज्रकुमार सोबतच्या छायाचित्रात आहेत. मी स्वतः त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे.' आणि तो अकरा ग्रुपवर पाठवला.

किरण दोन्ही फोटो आलटून पालटून बघत होता. "नाक वेगळं वाटतं ना रे जरा?"

"वय झालं की नाक बदलतं."

"बदलतं?"

"उतरतं."

किरणने स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला आणि विषय सोडून दिला. गुरुवारी जुन्या पिक्चरवर लिहिणाऱ्या एका वेबसाइटने 'आधीचे छायाचित्र चुकीचे होते, क्षमस्व' म्हणत लवूचा फोटो छापला. ते बघून आणखी चार जणांनी आपापले फोटो बदलले. रात्रीपर्यंत त्या गोल चेहऱ्याच्या गृहस्थाचा मागमूस उरला नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच लवू पोटभर जेवला.

मग त्याने धीर करून श्रावणातल्या त्या नंबरवर फोन लावला. वज्रकुमारच्या धाकट्या बहिणीने, पद्मजाताईंनी उचलला. "येते की मी," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो तुम्ही काहीतरी करताय. त्याला हल्ली कुणी विचारत नव्हतं." लवूने फोन ठेवला आणि पुन्हा स्टुलावर बसला.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"लवू घाडी का? फ्लेक्सवर तुमचा नंबर आहे." आवाज तरुण बाईचा आणि चांगलाच तापलेला होता.

"हो, बोला ताई. सभा अकराला आहे. फुलं आणू नका, हार आम्ही आणतोय."

"माझे वडील जिवंत आहेत."

लवूने क्षणभर विचार केला. "बरं झालं," तो म्हणाला. "जपा त्यांना."

"अहो, काय जपा! चौकात फोटो लावलाय तुम्ही त्यांचा! मी दीप्ती हिवराळे, मानखुर्दहून बोलतेय. सकाळपासून आमच्याकडे पांढरे कपडे घालून माणसं येतायत. बाबा दार उघडतात, लोक किंचाळतात, मग मी त्यांना पाणी देते, तोवर दुसरे येतात. मेहकरची आत्या रडत रडत बसमध्ये बसलीय. भन्तेजी येऊन विचारून गेले, जलदान विधी कधी ठेवलाय म्हणून. बाबांनीच त्यांना चहा दिला!"

"ताई, तुमचे वडील वज्रकुमारांसारखे दिसत असतील. गैरसमज होतो."

"सारखे दिसतात म्हणूनच तर नोकरीला होते! डुप्लिकेट होते ते वज्रकुमारांचे. बावीसपैकी वीस पिक्चर."

"डुप्लिकेट म्हणजे?"

"म्हणजे उड्या ते मारायचे."

लवूच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पलीकडे थोडी झटापट होऊन फोन दुसऱ्या हातात गेला. "नमस्कार साहेब," एक शांत, खर्जातला आवाज आला. "दादू हिवराळे. पोरगी जरा गरम आहे, राग मानू नका. मी मेलो नाही, एवढंच सांगायचं होतं. बाकी फ्लेक्स झकास झालाय. फक्त खांद्यावर ती बोटं कुणाची?"

"माझी," लवू म्हणाला.

"असं होय. मला वाटलं यमाची."

अर्ध्या तासात किरण धावत आला. दोघं हॉलमध्ये त्या फोटोसमोर उभे राहिले. तीस वर्षं रोज बघितलेला चेहरा, पण आता तो कुणाचा हे माहीत असल्यामुळे नीट बघवेना.

"मग आपण इतकी वर्षं फॅन कुणाचे होतो?" किरणने विचारलं.

"मला नको विचारू."

"तो गोल चेहऱ्याचा माणूस..."

"तोच असणार. मीच हाकलला त्याला अकरा ग्रुपवरून." लवूचा आवाज फुटला. "होता तेव्हा भेटलो नाही, आणि गेल्यावर त्याचा फोटोसुद्धा राहू दिला नाही मी. वाट लावली रे मी त्याची."

फ्लेक्स दुपारीच उतरवला. आता नवीन फोटो हवा. लवूने पलंगाखालची पेटी ओढली. पस्तीस वर्षांची कात्रणं, पोस्टरं, तिकिटांचे अर्धुकडे, सगळं जमिनीवर पसरलं. क्रेनवरून पडणारा माणूस होता. टाकीवरून झेपावणारा माणूस होता. दोन ट्रकांच्या मध्ये हवेत हातपाय पसरलेला माणूस तर सात पोस्टरांवर होता. सगळे पाठमोरे नाही तर चष्मा लावलेले, आणि सगळे दादू हिवराळे. किरणने सभेत दाखवायला पेनड्राइव्हवर बावीस पिक्चरमधले निवडक तुकडे जमवले होते. ते लावून बघितले. तब्बल एक तास दहा मिनिटं, आणि त्यात वज्रकुमार कुठेच नव्हता. जिथे तो दिसायला लागेल तिथे किरणने कात्री लावली होती.

"बोअर व्हायचं ना रे ते," किरण पडेल आवाजात म्हणाला. "आईबिईचे सीन. आपण तेव्हा बाहेर जायचो."

सुलक्षणा कात्रणांमधून वाट काढत चहा घेऊन आली. "पद्मजाताईंका सांगा आणि फोटो मागवा. लाज कसली त्येच्यात? चुकला तर चुकला." लवूने फोन केला. पद्मजाताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या की हुंदका होता, ते त्याला नीट कळलं नाही. "आणते मी फोटो," त्या म्हणाल्या. "आणि दादूलाही बोलवा. किती वर्षं झाली त्याला बघून."

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात साठ माणसं जमली. लवूने चौदा खुर्च्या मांडल्या होत्या. मुलुंडचे वीसेक लोक चुकीच्या माणसाचा फ्लेक्स लावणारे कोण ते बघायला आले होते. उरलेले चाळीस मानखुर्दहून आले होते. त्यांनी दादूंच्या मयतीसाठी सुट्ट्या टाकल्या होत्या, पांढरे कपडे इस्त्री केलेले होते, तर म्हणाले कुठेतरी जाऊन येऊ. मेहकरची आत्या दादूंचा दंड सोडायला तयार नव्हती. दादू सत्तरीचे, बारीक अंगाचे, डाव्या पायाने लंगडणारे. त्यांना बघताच किरण खाली वाकला आणि अर्ध्यातच थांबला. या माणसाच्या पाया आपण एकदा चुकून पडलोय, आता मुद्दाम पडायचं की कसं, हे त्याचं ठरेना. दादूंनीच त्याला हाताला धरून उभं केलं.

पद्मजाताईंनी पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गोल चेहरा, जरासं अवघडलेलं हसू. खाली 'सहदेव केळुसकर' असं खरं नाव. लवू हार घालायला पुढे झाला आणि तसाच थबकला. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला हा चेहरा अनोळखी वाटला होता. आता मोठ्या फोटोत, तरुणपणचा, तो कुठेतरी बघितल्यासारखा वाटला. पिक्चरमध्ये नव्हे.

"ओळखलंत?" मागून दादूंनी हळूच विचारलं.

"कुठे बघितलंय ते आठवत नाही."

"फिल्म सिटीत. तुमचा कॅमेरा धरला होता ना, तो."

लवूचे हात हारासकट हवेतच राहिले. त्याला सगळं लख्ख आठवलं. झाडाशेजारी एक माणूस शर्टाने वारा घेत उभा होता. लवूने त्याच्या हातात कॅमेरा दिला होता. "ओ भाऊ, जरा फोटो काढा ना आमचा हिरोबरोबर." त्या माणसाचं बोट भिंगावर आलं, तेव्हा लवू खेकसलाही होता. "बोट काढा हो, हिरो झाकतोय!"

"उकडत होतं म्हणून त्याने जाकीट काढून ठेवलं होतं," दादू म्हणाले. "तुम्ही माझ्या पाया पडलात तसा मी उठायला लागलो. तर त्याने डोळ्यांनी दटावलं, बस खाली. तुम्ही गेल्यावर म्हणाला, उडी तू मारतोस दादू, पायाही तुझ्याच पडू देत. आणि हसला खूप. पण जेवला नाही हां त्या दिवशी दुपारी."

लवूने हार घातला. दोन मिनिटं स्तब्धता झाली. त्याचं चार पानांचं भाषण खिशात होतं. माइकसमोर उभं राहून त्याने ते उघडलं. पहिल्या पानावर क्रेन, दुसऱ्यावर टाकी, तिसऱ्यावर धबधबा. त्याने कागदांची घडी घातली.

"मी वज्रकुमारांबद्दल बोलणार होतो," तो म्हणाला. "पण ह्यात लिहिलंय ते सगळं दादूंचं निघालं. मला वज्रकुमारांबद्दल एकच गोष्ट खरी माहीत आहे. त्यांनी मला घरी बोलावलं होतं आणि मी गेलो नाही." तो येऊन बसला. सुलक्षणाने त्याच्या हातात रुमाल दिला.

मग दादू उठले. त्यांना माइकची सवय नव्हती, ते त्याच्याकडे संशयाने बघत बोलले. "मला काय भाषण येत नाही. सहदेव उंचीला फार भ्यायचा. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी पाय लटपटायचे त्याचे. मी वर चढलो की तो खाली पाठ करून उभा राहायचा. माझा पाय मोडला तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, आणि तो रोज वर्सोव्याहून डबा घेऊन यायचा. बांगड्याचं कालवण." ते थांबले. "मलाही आला होता त्याचा फोन. श्रावणातच. मी म्हटलं, पाऊस उघडला की येतो, गुडघा दुखतोय. पाऊस उघडला. गुडघा काय, दुखायचाच." ते लवूकडे वळून म्हणाले, "तुम्ही एकटे नाही साहेब."

सभा संपली. लोक चहाकडे वळले. मेहकरची आत्या फ्रेमसमोर जाऊन अनोळखी वज्रकुमारसाठी थोडंसं रडली, कारण एवढ्या लांबून आणलेलं रडणं तिला तसंच परत न्यायचं नव्हतं. पद्मजाताई फ्रेम पिशवीत ठेवत होत्या. लवूने शेवटी विचारलं, "ताई, कशाला बोलावत होते ते? काही सांगायचं होतं का?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "दुपारी तीनला एका चॅनेलवर असले जुने पिक्चर लागतात. अधूनमधून त्याचाही लागायचा. एकट्याने बघायला लाज वाटायची त्याला. मी पलंगावर बसायचे, पण मला मारामारी आवडत नाही, मी भाजी निवडायचे. म्हणून डायरीतले नंबर काढून लावत बसायचा. कुणीतरी शेजारी बसून बघितलं असतं, एवढंच." त्यांनी पिशवीचे बंद धरले. "आजही आहे. तो गेला म्हणून मुद्दाम लावलाय म्हणे. क्रेनचा."

लवूने सभागृहाच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेएक वाजला होता.

घाटकोपरहून मेट्रो पकडून लवू, किरण, दादू आणि पद्मजाताई वर्सोव्याला निघाले. साकीनाक्यावर गाडी उंचावरून जाताना दादूंनी खिडकीकडे पाठ केली. "आता बघवत नाही खाली," ते म्हणाले. "तेव्हा खाली खोके तरी ठेवलेले असायचे."

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वच्छ. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीची गादी बसून बसून खोल गेली होती, दुसरी अगदी नव्यासारखी. कुणीच त्या खोल गेलेल्या खुर्चीत बसेना. लवूला त्यांनी नव्यासारख्या खुर्चीत बसवलं, दादू आणि किरण पलंगावर टेकले, पद्मजाताईंनी भाजीचं ताट मांडीवर घेतलं.

क्रेन आली. लवूने ही उडी दोनशे वेळा तरी बघितली असेल. खाली गुंड जमले, वर जाकीटवाला उभा राहिला, वाऱ्यात लाल फडकं फडफडलं. किरणची दोन बोटं सवयीने तोंडाकडे गेली आणि दादूंकडे बघून खाली आली. जाकीटवाला हवेत झेपावला. पलंगावर दादूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. धप्प असा आवाज आला, धूळ उडाली.

"झालं?" दादूंनी डोळे न उघडताच विचारलं.

"झालं," पद्मजाताई म्हणाल्या.

"मग बघा आता. आता आला तो."

धूळ खाली बसली आणि त्यातून एक चेहरा वर आला. काळा चष्मा तुटून पडलेला, कपाळावर रंगाचं रक्त, चेहरा गोल. त्याने समोर बघितलं. फार काही चांगलं बघितलं असं नाही. खरं सांगायचं तर रागावलाय की त्याला शिंक येतेय हे कळायला मार्ग नव्हता. पण बघितलं मात्र थेट समोर, त्या नव्यासारख्या खुर्चीकडे. चार सेकंद. थेटरात याच चार सेकंदांत सगळ्यात जास्त शिट्ट्या वाजायच्या, पाकिटं, टोप्या हवेत उडायच्या आणि पडद्यावरचं काही दिसायचं नाही. मग केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

पद्मजाताईंच्या ताटात शेंगा मोडल्याचा आवाज येत राहिला.

"परत येतो का हो?" लवूने विचारलं.

"जाहिरात संपली की येतो. आईच्या मरणाचा सीन आहे, चांगला दहा मिनिटांचा." त्यांनी जरा संकोचून लवूकडे बघितलं. "पण सांगून ठेवते, तो फार वाईट केलाय त्याने. त्यालाही माहीत होतं."

"असू दे," लवू म्हणाला आणि खुर्चीत मागे सरकून नीट बसला. "आज वेळ आहे मला."